दोन रिपोर्ट, दोन उत्तरं: दहावीनंतरच्या चाचण्या वाचायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडला राहणाऱ्या एका आईने विचारलंय: मुलगा सेमी इंग्रजीतून दहावी झाला, ८४ टक्के मिळाले. निकालाआधी एका शिबिरात बोटांचे ठसे घेऊन त्याचा 'ब्रेन रिपोर्ट' काढला, त्यात 'उजवा मेंदू प्रबळ, डिझाइन किंवा संगीत' असं आलं. मग मोबाइलवर एक ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिली. तिचे आकडे दहापैकी: संख्यात्मक ५, भाषिक ६, अमूर्त तर्क ७, अवकाशीय (आकृत्या मनातल्या मनात फिरवून पाहणं) ८, कारकुनी वेग (नावं-आकडे झटपट, बिनचूक ताडून पाहणं) ४. खाली शेरा 'सायन्स योग्य'. मुलाच्या वडिलांचं म्हणणं सायन्सच, मुलगा म्हणतो कॉमर्स, आणि अकरावीचा पसंतीक्रम भरायला दहा-बारा दिवस उरलेत. कोणता रिपोर्ट खरा मानायचा, की तिसरी टेस्ट करून घ्यायची?

तिसरी टेस्ट नको. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तेवढे पैसे तरी वाचतील.

आता मूळ अडचण. तुम्ही दोन्ही कागदांना 'याने काय व्हावं?' असं विचारताय. चांगल्यातली चांगली चाचणीसुद्धा याचं उत्तर देत नाही. ती एवढंच सांगते की ठरावीक वेळात, ठरावीक प्रकारच्या प्रश्नांवर, ठरावीक मुलांच्या तुलनेत हा मुलगा त्या दिवशी कुठे होता. शिवाय दहा दिवसांत तुम्हाला करिअर ठरवायचंच नाहीये. ठरवायचं आहे ते एवढंच: पुढची दोन वर्षं कोणते विषय घ्यायचे, आणि त्यामुळे कोणती दारं बंद होतील. हा प्रश्न पुष्कळ लहान आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं तुमच्या घरातच पडलेलं असतं.

ठशांचा रिपोर्ट बाजूला ठेवा. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात साधारण दहाव्या आठवड्यापासून घडायला लागतात, आणि त्वचा नि मेंदू गर्भाच्या एकाच थरातून तयार होतात, इथपर्यंत ही मंडळी बरोबर सांगतात. तिथून पुढची उडी मात्र हवेतली आहे. दाताचं एनॅमलही त्याच थरातून येतं, पण दाढा मोजून कोणी गणिताचा अंदाज सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते असा, सिद्धांत मांडला, त्याचं नाव या रिपोर्टांवर हमखास असतं, पण त्या सिद्धांतात बोटांच्या ठशांचा काही संबंध नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही २०१९ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका जाहीर केली आहे.

मग 'अगदी आमच्या मुलाचं वर्णन आहे हो' असं का वाटतं? मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकेक कागद दिला आणि तो किती जुळतो याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता. तुम्ही घरी हेच करून बघा. रिपोर्टमधलं वर्णनाचं पान घ्या आणि सोसायटीतल्या कोणत्याही पंधरा वर्षांच्या मुलाला जे वाक्य लागू पडेल ते पेन्सिलीने खोडत जा. 'आवडत्या विषयात मन लावून काम करतो', 'कधी कधी लवकर कंटाळतो', 'योग्य मार्गदर्शन मिळाल्यास चमकेल'. पान संपेपर्यंत नाव आणि जन्मतारीख सोडून फारसं काही उरणार नाही.

दुसरा रिपोर्ट वेगळ्या जातीचा आहे. त्यातून काही तरी मिळतं, फक्त आकडा वाचायची रीत माहीत हवी.

हे दहापैकी आकडे परीक्षेतल्या गुणांसारखे नसतात. बहुधा ते स्टेन गुण आहेत, म्हणजे इतर मुलांच्या तुलनेत जागा दाखवणारी एक ते दहाची मोजपट्टी; चाचणीच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल. स्टेनची सरासरी ५.५ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) २. म्हणजे ५ आणि ६ या दोन घरांत मिळून तुलनागटातली, म्हणजे ज्यांच्याशी तुलना केली त्यांतली, ३८ टक्के मुलं बसतात, आणि ४ ते ७ मध्ये साधारण ६८ टक्के. तेव्हा संख्यात्मक ५ म्हणजे 'गणितात पन्नास टक्के' नव्हे, 'गणित कच्चं' तर नव्हेच. तो मधल्या घोळक्यातला आहे, एवढाच त्याचा अर्थ. अवकाशीय ८ मात्र खरोखर वरचा आहे, शंभर मुलांत साधारण ८४ ते ९३ जणांच्या पुढे.

दुसरी गोष्ट रिपोर्ट देणारे सहसा सांगत नाहीत. प्रत्येक आकड्याला रुंदी असते. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर आकडा किती तसाच राहील त्याचं माप, कमाल १) ०.८५ धरली, आणि चांगल्या उपचाचणीची ती साधारण तेवढी असते, तर एका स्टेनमधली मापनाची चूक निघते सुमारे ०.८. मग ५ हा आकडा ९५ टक्के खात्रीने सांगायचा झाला तर 'साडेतीन ते साडेसहाच्या मधे कुठे तरी' असा सांगावा लागतो. दोन आकड्यांची तुलना करताना दोन्हीकडची चूक एकत्र येते, म्हणून दोघांत निदान दोन स्टेनचा फरक नसेल तर मी त्याला फरक म्हणत नाही. तुमच्या रिपोर्टला हे लावून पाहा. भाषिक ६ आणि अमूर्त तर्क ७: काही फरक नाही, सोडून द्या. संख्यात्मक ५ आणि अवकाशीय ८: तीनचा फरक आहे, याच्यावर बोलता येईल. कारकुनी वेगाचा ४ तूर्त बाजूला ठेवला (त्याबद्दल पुढे सांगते), तर अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात ठाम बातमी हीच. 'सायन्स योग्य' हा शेरा या आकड्यांतून निघतच नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांच्या पट्ट्यांना वाक्यं जोडून ठेवलेली असतात, तिथून तो उतरलाय.

चाचणी दिली कशी, तेही विचारा. या उपचाचण्यांना मिनिटांची मर्यादा असते. मोबाइलच्या लहान पडद्यावर आकृत्या झूम करून बघाव्या लागल्या असतील, मधेच नेट गेलं असेल, हॉलमध्ये टीव्ही चालू असेल, तर कारकुनी वेगाचा ४ हा मुलाचा नसून मोबाइलचा आकडा असू शकतो. वेगाच्या चाचण्यांना अशा गोष्टींचा फटका सगळ्यांत आधी बसतो. भाषिक भाग इंग्रजीत होता का? सेमीचा मुलगा गणित-विज्ञान इंग्रजीत शिकलेला असला तरी शब्दसंग्रहाच्या प्रश्नांत त्याची गाठ इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी पडते. अशा वेळी ६ हा खऱ्या आकड्यापेक्षा कमीच असण्याची शक्यता जास्त. तुलनागट कोणता, कोणत्या इयत्तेचा, कोणत्या माध्यमाचा, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर देणाऱ्याला फोन करून विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एखादी उपचाचणी खरोखरच बिघडली असेल तर काही महिन्यांनी तेवढीच समोर बसवून पुन्हा घेता येते. पण लगेच सगळी चाचणी पुन्हा दिली तर सरावानेच आकडे वर जातात, आणि घरात उगाच 'बघा, सुधारला' असं होतं. शेजारच्या मुलीच्या ज्ञान प्रबोधिनीच्या रिपोर्टशीही तुलना नको. तिथल्या चाचण्या गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिप्रतिमानावर (बुद्धीच्या घटकांच्या त्याने केलेल्या मांडणीवर) आधारलेल्या आहेत, त्यांचे घटक वेगळे, नावंही वेगळी.

आता क्षमता आणि कल यांतला गोंधळ. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी आणली, तेव्हापासून घरोघरी 'कल' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो. कल म्हणजे काय करायला आवडतं, क्षमता म्हणजे काय जमतं. दोन्ही एका दिशेला असतीलच असं नाही. आणि पंधराव्या वर्षी आवडीवर किती भार टाकायचा, याला मर्यादा आहे. बारा ते चाळीस वयापर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शाळकरी वयात आवडी बऱ्यापैकी टिकतात, पण त्या पक्क्या व्हायला लागतात अठरा ते बावीसच्या सुमाराला. शिवाय मुलाने जे पाहिलंच नाही ते त्याला आवडणार कसं? पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला आयटी, डॉक्टर, सीए, बँक आणि आता यूट्यूबर एवढेच व्यवसाय जवळून दिसलेले असतात. 'कॉमर्स आवडतं' या वाक्यात पुष्कळदा 'माझे मित्र तिकडे चाललेत' आणि 'गणितातून सुटका' एवढंच असतं.

म्हणून अशा वेळी मी पहिल्यांदा गणिताकडे वळते, आणि मोघम बोलत नाही. निकालपत्रातले ८४ टक्के हे बेस्ट ऑफ फाइव्ह असतात. त्या पाचात गणित आहे की सहावा विषय म्हणून बाहेर पडलंय, ते बघा. चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे किंवा खेळाचे वाढीव गुण धरले असतील तर तेही वेगळे काढा. निकालपत्रावर गणिताचा एकच आकडा असतो, त्यातले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. बीजगणित आणि भूमितीच्या ४०-४० गुणांच्या उत्तरपत्रिका पाहायच्या तर शाळेच्या पूर्वपरीक्षेच्या काढाव्या लागतील. अवकाशीय ८ असलेल्या मुलाची भूमिती बरी आणि बीजगणित रडतंय, असं चित्र बऱ्याचदा दिसतं. चुका कुठे आहेत ते लाल पेनाच्या खुणांवरून मोजा: चिन्हाची चूक, पायरी गाळली, प्रश्न सोडलाच, की मांडणीच चुकली. चिन्हाच्या चुका सरावाने जातात. मांडणीच न सुचणं ही वेगळी गोष्ट.

याचं कारणही सांगते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरच्या विश्वासाची कल्पना मांडली, आणि १९८१ मध्ये हॅकेट व बेट्झ यांनी ती करिअरच्या निवडीला लावली. सार असं की मुलं विषय सोडतात ते न जमल्यामुळे जितकं, तितकंच 'आपल्याला जमणार नाही' असं वाटल्यामुळे. हा विश्वास घडतो मुख्यतः स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून, मग आपल्यासारख्या कोणाला तरी जमताना पाहून. 'तू करू शकतोस रे' हे शब्द त्या मानाने फार कमी कामाचे. वडिलांनी रोज जेवताना दिलेल्या प्रोत्साहनाने म्हणूनच फरक पडत नाही, उलट ताण वाढतो.

तेव्हा त्याला करूनच बघू द्या. बालभारतीची अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. दोन दुपारी मोकळ्या ठेवा. एका दुपारी भौतिकशास्त्रातला सदिशांचा (व्हेक्टरचा) भाग: दहा पानं वाचायची, सोडवलेली तीन उदाहरणं झाकून पुन्हा करायची, मग नवी पाच. दुसऱ्या दुपारी पुस्तपालन: डेबिट-क्रेडिटचे नियम वाचून दहा व्यवहारांच्या जर्नल एन्ट्री. प्रत्येकी दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत, गाईड नाही, आणि तुम्ही शेजारी बसायचं नाही. किती बरोबर आली ते महत्त्वाचं नाही, नव्या विषयात चुका होणारच. बघायचं हे: अडल्यावर किती वेळ चिकटून राहिला? मागचं पान उलटून पाहिलं, की थेट उत्तर शोधलं? संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी आपणहून त्यातलं काही बोलला का? हा चार तासांचा प्रयोग मी पस्तीस पानी रंगीत रिपोर्टपेक्षा जास्त मानते. कॉमर्स म्हणजे सोपं, हा समज पुस्तपालनाच्या दुपारी आपोआप तपासला जातो, हा त्यातला वरचा फायदा.

आता दारांचा हिशोब, जो खरं तर सगळ्यात आधी करायचा असतो. इंजिनीअरिंगला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, वैद्यकीयला जीवशास्त्र. ही दारं कॉमर्स किंवा आर्ट्‌सला जाताच बंद होतात. उलट कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सीए फाउंडेशन, मानसशास्त्रातलं बीए, यांना कोणतीही शाखा चालते. तुमच्या मुलासाठी कळीची जागा अवकाशीय ८ ही आहे, आणि 'डिझाइन' हा एक शब्द तिथे घोळ घालतोय. आर्किटेक्चरला जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, नाही तर दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा. बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी मात्र एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची आणि आयआयटींकडची यूसीड, या प्रवेशपरीक्षा सर्व शाखांना खुल्या आहेत. उपयोजित कलेच्या बीएफए या पदवीला राज्याची वेगळी सीईटी आहे. म्हणजे 'इमारती की वस्तू की चित्र?' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या शाखेवर थेट परिणाम करतं. त्याने एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्यात का, वहीच्या मागच्या पानांवर काय काढतो, गणपतीच्या आरासीत हात घालतो की नुसता सेल्फी काढतो, हे मला चाचणीच्या आकड्याइतकंच ऐकायला आवडेल.

'सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी' हे वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दारं उघडी राहतात, पण त्याचं भाडं भरावं लागतं. दोन वर्षं क्लास, प्रवास, प्रॅक्टिकल, सीईटी. एवढं करून बारावीला ५५ टक्के पडले तर कॉमर्सकडून जी चांगली कॉलेजं मिळाली असती ती हुकतात, आणि मुलगा 'मला काहीच जमत नाही' हा धडा घेऊन बाहेर पडतो. माझा अंदाजाचा नियम असा: सायन्सशिवाय न होणारी एक तरी गोष्ट मुलाच्या मनात खरोखर असेल, निदान आर्किटेक्चरइतकी धूसर का होईना, आणि सदिशांची दुपार फार वाईट गेली नसेल, तर सायन्स घ्यावं. तशी एकही गोष्ट नसेल तर केवळ दारांसाठी घेऊ नये. कॉमर्स ठरलं तर गणित विषय ठेवता येतो का ते बघा. संख्यात्मक ५ त्याला आडवा येत नाही, आणि अर्थशास्त्र-संख्याशास्त्राकडे जायची वाट त्याने राहते.

या दहा दिवसांत त्याला तीन माणसं भेटवा: एक आर्किटेक्ट, एक सीए किंवा आर्टिकलशिप (सीए होताना करायचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) करणारा मुलगा, आणि एक बी.डेस. करणारा विद्यार्थी. अर्धा-अर्धा तास. 'स्कोप आहे का?' हा प्रश्न बंद. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं?' हे विचारायचं, आणि 'यातलं कंटाळवाणं काम कोणतं?' हेही. तुम्ही बरोबर जाऊ नका, गेलात तर बाहेर थांबा.

घरातलं बोलणं शेवटी. तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, तीन पर्याय आणि प्रत्येकापुढे दोन भीती लिहायच्या. मग कागद एकत्र उघडायचे. वडिलांच्या कागदावर बहुधा 'घराचे हप्ते, मी आणखी किती वर्षं कमावणार' असं काही तरी निघेल, मुलाच्या कागदावर 'बाबा नाराज होतील'. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि निर्णयात त्यांना जागा आहे. फक्त त्या 'सायन्स चांगलं असतं' या वाक्यामागे लपून राहायला नकोत.

समुपदेशकाकडे जायचं ठरलंच तर काय विचारायचं? ब्राउन आणि क्रेन यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं की करिअर समुपदेशनात पाच गोष्टी विशेष उपयोगी पडतात: मुलाने स्वतः लिहून करायचे स्वाध्याय, चाचणीचा त्याच्यापुरता उलगडा, व्यवसायांची खरी माहिती, त्या वाटेने गेलेली माणसं दाखवणं, आणि घरच्यांचा आधार उभा करणं. जितक्या जास्त, तितका परिणाम चांगला. तेव्हा पैसे भरण्याआधी फोनवर विचारा: रिपोर्ट कोण समजावणार आणि किती वेळ? मुलाशी एकट्याने बोलणार का? मानसशास्त्रातलं शिक्षण काय? महिन्याभराने पुन्हा भेटता येईल का? 'रिपोर्ट पीडीएफने पाठवतो' एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा.

एका परिस्थितीत मात्र वरचं सगळं थांबवायचं. झोप बिघडलीय, जेवण तुटलंय, मित्र सोडलेत, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोललाय, तर शाखेचा विषय काढू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि लहानपणापासून वाचन-लेखन अडखळत आलं असेल, तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही असं असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मंडळाच्या परीक्षेत त्याच्या सवलती मिळतात आणि मग ८४ टक्क्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

पसंतीक्रम भरताना एक व्यवहारातली गोष्ट. कॉलेज नावाने निवडू नका, जाण्यायेण्याला लागणाऱ्या वेळाने निवडा. सिंहगड रोडवरून शिवाजीनगरला रोज जाऊन येण्यात दीड-दोन तास गेले आणि वर क्लास, की गणिताला उरतं काय ते तुम्हीच मांडून बघा. प्रवेश झाल्यावर तिघांचे ते कागद आणि दोन दुपारींची वही एका पाकिटात घालून ठेवा आणि पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशी उघडा. शाखा बदलायचीच वेळ आली तर तेव्हा, म्हणजे वर्ष वाया जायच्या आत, ते लक्षात येईल. ठशांचा रिपोर्ट त्या पाकिटात ठेवायची गरज नाही. ते पैसे गेले ते गेले.